एक्केचाळीस सह्या

सातबाऱ्यावर आमची नावं एका पानात मावत नाहीत.
तलाठ्याच्या प्रिंटरमधून दुसरं पान निघतं,
त्यावर शेवटची तीन माणसं,
गच्च भरलेल्या गाडीच्या दारात
दांडीला धरून उभी असल्यासारखी.
एकतीस वर्षं सोलापूर डेपोत कंडक्टर होतो,
मला असंच दिसतं सगळं.

चार एकर अकरा गुंठे. भोगवटादार वर्ग दोन.
मंगळवेढ्याकडची काळी,
सुगीच्या दिवसांत अशी भेगाळते
की खुरपं पडलं तर हाताला लागत नाही.
पणजा सटवाजी तळभंडारे, त्याला ती मिळाली
गावकीच्या बदल्यात.
साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं,
चावडीचा सांगावा दारोदार पोचवायचा,
मेल्याची खबर घेऊन परगावी जायचं, अनवाणी.
गावकी सुटली. आज्याने नजराणा भरला.
पावती अजून आहे, पानपुड्याच्या डब्यात.
वाटण्या मात्र कुणी केल्या नाहीत.
भाकरी मोडली की भूक मोजावी लागते,
म्हणायचा आजा.

निवृत्त झालो, म्हटलं विहीर काढू.
योजना होती, अनुदान होतं.
खिडकीतली बाई म्हणाली,
सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र आणा.
सगळ्या म्हणजे?
तिने उताऱ्यावर पेन फिरवलं. एक्केचाळीस.

निघालो मग, पिशवीत कागद, शाईचा पॅड.
कुर्डुवाडीला गेनूकाकाची सून,
भोसरीत दोन भाऊ, एकमेकांशी न बोलणारे,
एकाची सही घेऊन
दुसऱ्याच्या जिन्यात तासभर उभा.
तिघं मेलेले, त्यांच्या वारसांची नोंदच नाही.
मेलेल्याचा अंगठा कुठं उमटवू?

इंडीला चंद्रभागा आत्या.
नाव तिचंही होतं, सतराव्या ओळीत.
कागद नाकाजवळ धरून बघत राहिली.
आपलं नाव जमिनीवर असतं,
हे तिला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळत होतं.
साठ वर्षांत एक पोतं शाळू
आम्ही तिच्या दारात टाकला नाही.
किती येतं माझ्या वाट्याला?
पावणेसात गुंठे, आत्या.
हसली. मग सही केली,
आणि म्हणाली, झेरॉक्स ठेवून जा.

सुरतेत दिगंबर भेटला नाही.
त्याच्या मुलाने चहा दिला, नजर दिली नाही.
त्याने हिस्सा विकला होता, गेल्या दिवाळीत,
पोरीच्या ऑपरेशनला.
वर्ग दोनची परवानगी कुणी, कशी आणली,
विचारलं नाही मी.
घेणारा विरूपाक्ष,
ज्याचा बांध आमच्या बांधाला लागून.
वाईट माणूस नाही.
त्याच्या आज्याने वाट पाहिली, बापाने पाहिली,
त्याची पाळी आली तेव्हा दार उघडं होतं.

आता तो आमच्यातलाच एक, कागदावर.
त्याने दावा लावलाय वाटपाचा.
वकील म्हणतात, एवढ्यात एवढे तुकडे पडत नाहीत,
कोर्ट म्हणेल विका आणि पैसे वाटून घ्या.
बोली लावायला पैसे कुणाकडे आहेत,
ते गावात सगळ्यांना माहीत आहे.

परवा वारसांची यादी घेऊन कोर्टाची पायरी चढताना
दम लागला, थांबलो,
आणि सटवाजी आठवला.
मी काय करतोय?
सांगावा घेऊन दारोदार.
साहेब पुढच्या तारखेला येणार
आणि मी आधीपासूनच पळतोय.
तो जमीन मिळावी म्हणून पळाला,
मी ती जाऊ नये म्हणून.

काल रात्री आत्याचा फोन.
तारखेला मी येणार.
आत्या, गुडघे बघा तुमचे.
गुडघे माझे आहेत, गुंठेपण माझेच आहेत.
मग जरा थांबून,
आमचं कर्नाटकातलं कार्ड तुमच्या गाडीला चालतं का रे?

चालत नाही.
तिचं तिकीट मी काढणार आहे.
पूर्ण.